शिक्का फुकट, उपचार विकत

"दादा, कागदावर काय लिवलंय?"

आमच्या वेळापुरातली पोरगी. वय बावीस. नाव सांगणार नाही. तुमच्या चाळीत, झोपडपट्टीत, हॉस्टेलात तिच्यासारखी एखादी असेलच, तिचं नाव घाला. एका सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं केसपेपर माझ्यापुढं धरला. इंग्रजीत दोन ओळी खरडलेल्या. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी, पुढं प्रश्नचिन्ह. खाली पंधरा दिवसांच्या झोपेच्या गोळ्या. मी मराठीत सांगितलं, व्यक्तिमत्त्वाचा विकार असं लिहिलंय.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजी माझा सोबावच रोग हाय व्हय? मंग औशीद कशावर करायचं? माझ्यावरच?"

मित्रांनो, त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून जे वाचलं, ज्याला त्याला विचारलं, ते आज मांडतोय.

आधी आत काय झालं ते ऐका. रात्री तिला उचलून आणली तेव्हा हातातून रक्त गळत होतं. ड्यूटीवरची बाई म्हणाली, "परत आली का नाटक करायला?" तिच्या आईनं पदर तोंडात कोंबला. पोलीस केस होईल या भीतीनं आई सांगत होती, विळी लागली ओ बाई, विळी लागली. सकाळी डॉक्टरनं पाच मिनिटं दिली. दोन मिनिटं गाव आणि आडनाव विचारण्यात गेली. उरलेल्या तीन मिनिटांत बावीस वर्षांचं व्यक्तिमत्त्व तपासून झालं. डॉक्टर दुष्ट नव्हता. त्याच्या दारात शंभर माणसं उभी होती आणि खुर्ची एकच होती. पण दुष्टपणा करायला दुष्ट माणूस लागतोच असं कुठंय? व्यवस्था तेवढी पुरते.

आता आपल्यातलेच काही शहाणे म्हणतील, हे असले रोग पांढरपेशांचे. पोट भरलं की डोकं दुखतं. आपल्या माणसाला भाकरी द्या, डोकं आपोआप ठिकाणावर येईल.

साफ चूक. रोग खोटा नाही. मी जवळून बघितलाय. राग येतो तो ओढ्याला पूर यावा तसा, आणि ओसरला की हीच पोरगी आईच्या पायावर डोकं घासून रडते. समोरचं माणूस आपल्याला टाकून जाईल ही भीती चोवीस तास. काल ज्याला देव मानलं तो आज सैतान. आत सगळं रिकामं रिकामं, आणि ते रिकामंपण सहन झालं नाही की वार स्वतःच्याच अंगावर. यात माणसं मरतात. खोटंखोटं नाही, खरोखर मरतात. काही माणसं मुळातच हळवी जन्मतात, आणि त्या हळव्या पोराला लहानपणी मार, अत्याचार, हेटाळणी मिळाली की हा विकार धरण्याची शक्यता वाढते. आता हेटाळणी कुणाच्या वाट्याला जास्त येते, हे या पानावर सांगायला नको. शाळेत पाण्याच्या पिंपाला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या पोराला "हळवा का झालास?" असं विचारणारा माणूस एकतर येडा, नाहीतर वरच्या जातीचा.

पण थांबा. शिक्क्याचा इतिहासही बघू. तो आपल्याच जिल्ह्यात आहे.

सोलापूर शहरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापुरात पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड घातलं. रोज हजेरी. बाहेर जायचं तर परवाना. का? तर यांचा स्वभावच चोरीचा. तपासणी नाही, पुरावा नाही, आईच्या पोटातच निदान झालेलं! जिल्ह्यातला सरकारी छापाचा पहिला 'व्यक्तिमत्त्व विकार' हाच. १९५२ साली तो कायदा गेला, तार तुटली. फौजदाराच्या डोक्यातली तार अजून शाबूत आहे.

ही फक्त आपली गोष्ट नाही. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं शोध लावला की मालकाकडून पळून जाणारा गुलाम हा मनोरुग्ण असतो. त्या रोगाला त्यानं लांबलचक नावही दिलं. म्हणजे साखळी शहाणी आणि साखळी तोडणारा वेडा. पुढं १९६०-७० च्या दशकांत, ज्या ब्लॅक पँथरकडं बघून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच काळात, मिशिगनमधल्या आयोनिया इथल्या सरकारी मनोरुग्णालयात डेट्रॉइटच्या काळ्या पुरुषांची भरती सुरू झाली. तिथं रोगाचं नाव दुसरं होतं, स्किझोफ्रेनिया; धंदा तोच. जोनाथन मेट्झल या डॉक्टरनं जुने केसपेपर उकरून हे सगळं पुस्तकात मांडलं. १९७४ साली तर एका औषधाच्या जाहिरातीत मूठ आवळलेला काळा माणूसच छापला होता. मूठ उघडायची तर हे इंजेक्शन द्या!

आता 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व' या विकाराची अमेरिकन यादी काढून वाचा. कायदा पाळत नाही. चिडखोर, मारामाऱ्या करतो. नोकरी टिकवत नाही. देणं फेडत नाही. च्यायला, ही यादी घेऊन नाक्यावर उभं राहिलं तर दुपारपर्यंत अर्धी वस्ती भरती होईल. ज्याला कुणी कायमची नोकरी देतच नाही त्यानं ती टिकवायची कशी? ज्याला बँक दारात उभी करत नाही त्यानं सावकाराचं फेडायचं कसं? आणि जो बँकेचे कोटी बुडवून विमानात बसतो, त्याचं व्यक्तिमत्त्व तपासायला कुठला डॉक्टर विमानतळावर गेला होता?

तेव्हा शिक्क्याबद्दल आपण सावध असलंच पाहिजे. पण इथंच आपली चळवळ थांबते, आणि इथंच आपली फसगत होते. "शिक्का नको" म्हणून कागद फाडला की पोरगी तशीच राहते. रात्री रक्त तिचंच गळतं. शिक्का मारणारा व्यवस्थेचा माणूस, आणि शिक्का फाडून घरी जाऊन झोपणारे आपण. तिच्या दृष्टीनं दोघांत फरक काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. शिक्का मारायला पाच मिनिटं लागतात, तो सरकार आपल्याला फुकट देतं. उपचाराला वर्ष लागतं, तो पुण्या-मुंबईत तासावर विकत मिळतो. आपली लढाई त्या वर्षासाठी पाहिजे.

उपचार आहे का? आहे. हेच तर लपवलं जातं.

'हा स्वभाव आहे, याला औषध नाही,' असं म्हणून दवाखान्यांनी जगभर अशा माणसांना हाकललंय. १९८८ साली इंग्लंडमध्ये लुईस आणि ॲपलबी या दोघांनी मानसोपचार डॉक्टरांपुढं एका पेशंटची हकीकत ठेवली. काहींच्या कागदावर एवढंच जास्त लिहिलं की याला आधी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालं होतं. बाकी हकीकत तीच. पण तेवढ्या शब्दानं डॉक्टरांचं मत फिरलं. हा लबाड आहे, लक्ष वेधून घेतोय, याच्यावर वेळ कशाला घालवायचा! आडनाव कळल्यावर भाड्याची खोली जशी अचानक 'दिली गेलेली' असते, अगदी तसंच. शेवटी २००३ साली तिथल्या सरकारी यंत्रणेला जाहीर करावं लागलं की या निदानावरून कुणाला दारातून परत पाठवायचं नाही.

आणि ज्यावर उपचार नाही म्हणत होते त्यावर उपचार काढला कुणी? मार्शा लिनहान नावाच्या अमेरिकन बाईनं. सतराव्या वर्षी ती स्वतः मनोरुग्णालयात कोंडली गेली होती. स्वतःला जाळून, कापून घ्यायची. दोन वर्षांहून जास्त काळ आत काढला, विजेचे झटके खाल्ले. बाहेर आली, शिकली, मानसशास्त्रज्ञ झाली, आणि जी वाट स्वतःला सापडली ती इतरांसाठी बांधून काढली. २०११ साली तिनं हे जगाला सांगितलं. म्हणजे ज्याचं जळलं त्यानंच औषध शोधलं. बाबासाहेबांच्या लेकरांना ही गोष्ट समजावून सांगायला लागू नये.

तिची पद्धत काय? वर्षभर, दर आठवड्याला एक तास, त्याच माणसाशी बोलणं. शिवाय आठवड्यातून एकदा गटात बसून शिकायचं. लाट आली की ती लाट आहे हे ओळखायचं. लगेच हात उचलायचा नाही. लाट चढते तशी उतरतेही, तोवर तग धरायचा. भांडण न करता नाही कसं म्हणायचं, मदत कशी मागायची. यातलं मनाकडं बघत राहण्याचं शिक्षण तिनं झेन बौद्ध परंपरेतून उचललंय. आपल्या विहारात ज्याला स्मृती म्हणतात तीच. म्हणजे माल आपल्याच घरातला, आणि आपल्यालाच तो हजार रुपये तासानं! १९९१ साली तिनं आकड्यांनी दाखवून दिलं की या उपचारानं स्वतःला इजा करणं कमी होतं आणि दवाखान्यातले दिवसही कमी होतात.

गोळ्यांचं काय? २००९ साली इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनातच लिहिलंय की बॉर्डरलाइन विकारासाठी म्हणून गोळ्या देऊ नयेत. जोडीला उदासीनता वगैरे दुसरा आजार असेल तर त्याची गोळी वेगळी. आणि आपल्याकडं? गोळी हाच उपचार, कारण गोळी द्यायला अर्धं मिनिट पुरतं.

कुणी म्हणेल, एवढं महागडं प्रकरण माळशिरस तालुक्यात कसं चालायचं? चालतं. कॅनडात टोरंटोला १८० पेशंटांवर प्रयोग झाला, तो २००९ साली छापून आला. निम्म्यांना लिनहानबाईंचा पूर्ण उपचार दिला, निम्म्यांना अनुभवी डॉक्टरकडून साधा पण नेमका ठरवलेला उपचार, आठवड्याला एक तास. वर्षानंतर दोन्हीकडचे लोक जवळजवळ सारखेच सुधारले. म्हणजे कामाचा भाग ठरलेली वेळ, तेच माणूस आणि न कंटाळता ऐकणं हा होता. आणखी एक. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयानं दाखल झालेल्या २९० पेशंटांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. दहा वर्षांत दहातल्या नऊ जणांची लक्षणं उतरली आणि निदान दोन वर्षं उतरलेली राहिली. पण रोग उतरून शिवाय कामधंदा आणि नाती धड झाली ती निम्म्यांचीच. हा आकडा नीट वाचा. रोग हटतो. रोजगार आणि माणसं मिळाली तरच आयुष्य उभं राहतं.

डॉक्टर नाहीत, हे रडगाणं खरंय. आपल्या देशात लाख माणसांमागं मानसोपचाराचा एक डॉक्टरसुद्धा येत नाही. पण शेजारच्या गोव्यात संगाथ या संस्थेनं दाखवून दिलं की डॉक्टर नसलेली, गावातलीच, शिकवून तयार केलेली माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून बोलण्याचा उपचार देऊ शकतात. उदासीनता आणि दारू यांच्यावर त्यांनी ते केलं आणि त्याचा गुण आला. व्यक्तिमत्त्वाच्या विकाराला शिक्षण जास्त लागेल, वर देखरेखीला जाणता माणूस लागेल. पण वाट तीच.

आता वेळापूर बघा. दरसाल ज्ञानोबांची पालखी येते. खुडूसला रिंगण होतं, धावाबावीच्या उतारावर वारकरी धावतात आणि मुक्काम वेळापुरात पडतो. त्या एका रात्रीसाठी ॲम्ब्युलन्स, डॉक्टर, औषधांचे टेबल सगळं उभं राहतं. राहू द्या, वारकरीही गरीबच. पण सकाळी पालखी भंडीशेगावकडं हलली की टेबलं उचलली जातात. माणसाचं डोकं मात्र ३६५ दिवस गावातच असतं.

आमच्या पोरीला मनाचा डॉक्टर पाहिजे तर सोलापूरचं वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरवर. येरवड्याचं मनोरुग्णालय दीडशेच्या वर. येरवडा म्हटलं की आपल्या माणसाला दोन फाटकं आठवतात, एक तुरुंगाचं, एक वेड्यांच्या इस्पितळाचं. १९३२ चा करार झाला तोही त्याच तुरुंगात. अख्ख्या महाराष्ट्राला अशी सरकारी मनोरुग्णालयं चार : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. आणि या विकाराला चार भिंतींत कोंडून घालण्याची गरज बहुतेक वेळा नसतेच. गरज असते घराजवळच्या एका खुर्चीची.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा. जिल्हा कार्यक्रम १९९६ सालचा. कागदावर जिल्ह्याच्या पथकात डॉक्टर आहे, मानसशास्त्रज्ञ आहे, समाजसेवक आहे, नर्स आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत मात्र निघालं की आजारानुसार शंभरातल्या ७० ते ९२ जणांना उपचार मिळतच नाही. जिल्ह्याचं पथक तालुक्यात कधीमधी येणार, गोळ्या वाटणार, गाडीत बसणार. दर आठवड्याला तोच तास, तेच माणूस, हे गाडीतून येत नाही.

आणि कायदा? कायदा आपल्या बाजूनं आहे, म्हणून तर तो कुणी आपल्याला वाचून दाखवत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यातलं कलम ३ म्हणतं, आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय निकषांवर, जागतिक आरोग्य संघटनेची यादी धरून. त्या यादीत व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे. तेव्हा 'हा आजारच नाही, स्वभाव आहे' म्हणून कुणी परत पाठवलं तर कलम दाखवा. तेच कलम पुढं म्हणतं, माणसाच्या सामाजिक, आर्थिक, राजकीय स्थितीवरून किंवा समाजाच्या नीतीशी, धर्माशी त्याचं पटत नाही एवढ्यावरून आजार ठरवता येणार नाही. म्हणजे आपल्या विद्रोहाला कुणी रोग म्हटलं तरी हेच कलम. कलम १८ म्हणतं, सेवा राहत्या जागेजवळ मिळाली पाहिजे, लांबचा प्रवास करायला लावायचा नाही. कलम ११५ म्हणतं, जीव द्यायला निघालेला माणूस भयंकर ताणात होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही. तेव्हा आईबाईंनो, विळी लागली म्हणू नका. खरं सांगा.

फोन आहे, तोही सांगतो. ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानसचा १४४१६ हा नंबर चालू आहे. फुकट, दिवसरात्र, मराठीत. जीव नकोसा झाला तर आधी तो फिरवा, शेजारच्या माणसाला उठवा. पण फोनवर वर्षभर तोच आवाज भेटत नाही. वाहत्या जखमेला तो दाबून धरलेला रुमाल समजा.

आता आपल्या घरात झाडू मारू. आपण चळवळीतली पोरं काय वेगळं करतो? कुणी बैठकीत रडलं तर 'बाईलबुद्ध्या'. कुणी रोज भांडलं तर 'फुटीर'. कुणी महिनाभर अंथरुणातून उठला नाही तर 'गद्दार, विकला गेला'. ही सगळी बिनडिग्रीची निदानंच. किती कार्यकर्ते दारूत, भांडणात, स्वतःच्या अंगावर वार करत संपले. त्यांच्या मयताला आपण घसा फोडून घोषणा दिल्या. ते जिते होते तेव्हा एक तास बसलो का त्यांच्याजवळ?

राग हे आपलं भांडवल आहे, ते कुणाला गोळ्या देऊन विझवू देऊ नका. पण जो राग आपल्याच मनगटावर रेघा मारतो, बायकोच्या अंगावर जातो, तो व्यवस्थेच्या फुकट कामाला लागलेला असतो. तिला पोलीस पाठवावा लागत नाही, लाठी मारावी लागत नाही. आपण आपलंच मारून घेतो. असा राग शिकवून माघारी आणायचा, हेच या उपचाराचं काम.

म्हणून मागण्या लिहून घ्या आणि तहसीलवर, जिल्हा परिषदेवर घेऊन चला. प्रत्येक तालुक्यात बोलण्याचा उपचार देणारी दोन कायम माणसं पाहिजेत. कंत्राटी नकोत, दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला तर टाकून दिल्याची भीती असलेल्या पेशंटला तोच पुन्हा घाव. हिशोब सोपा आहे. एक माणूस दिवसाला पाच तास, आठवड्याला पाच दिवस बसला तर पंचवीस माणसांचं वर्ष होतं. दोघांत पन्नास. चार लाखांहून जास्त वस्तीच्या माळशिरस तालुक्याला हे फार मागणं नाही. ही माणसं आपल्या वस्त्यांतून घ्या, शिकवा, पगार द्या. पाच मिनिटांत निदान लिहायचं नाही, आणि लिहिलं तर पेशंटला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं. एष्टीचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या. आणि अपघात कक्षात 'नाटक' हा शब्द बंद.

त्या पोरीचं पुढं काय झालं? पुण्यात एक बाई सापडल्या. चांगल्या होत्या. तासाचे हजार रुपये. वर दोघींचं एष्टीचं भाडं, आईचा बुडालेला खाडा. वर्गणी काढून चार वेळा पाठवली. चौथ्या वेळेनंतर एका रात्री ती माझ्या दारात आली. हात स्वच्छ होता. म्हणाली, "दादा, लाट आली व्हती. मी उंबऱ्यावर बसून ऱ्हायले. गेली." पाचव्या वेळेला वर्गणी संपली.

तिचा स्वभाव रोग नाही, हे उत्तर आता मी तिला दिलंय. जगण्यासाठी लहानपणी जे शिकावं लागलं ते आता तिच्यावरच उलटलंय, आणि शिकलेलं बदलता येतं. चार तासांत एवढं झालं. बावन्न आठवड्यांच्या हिशोबानं तिचे अठ्ठेचाळीस तास सरकारकडं बाकी आहेत. ते वसूल करायचेत.

जयभीम.